नवव्या टोळीची सुटी

टाइम ऑफिस म्हणजे काय हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. जावई तुयेच्या कारखान्यात घड्याळं दुरुस्त करतो, असं त्यांनी कोरगावभर सांगून ठेवलं होतं. परिणामी दर मे महिन्यात सासुरवाडीला गेलो की कुणी ना कुणी बंद पडलेलं घड्याळ घेऊन ओसरीवर बसलेलं असे. मी ते कानाला लावायचो, गंभीर चेहरा करायचो आणि ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून परत द्यायचो. पुढे आयुष्यात जी एक मोठी फजिती झाली, तिचं मूळ ह्याच सवयीत असावं. येत नसलेलं काम येतंय असा चेहरा करणं मला फार लवकर जमलं.

वास्तविक टाइमकीपर काहीच दुरुस्त करत नाही. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला आणि आला नाही तर का आला नाही, एवढं लिहून ठेवतो. ह्यातलं तिसरं काम सगळ्यात कठीण. एका पेडणेकराने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘देवाला प्रसाद लावला. उजवी पाकळी पडली नाही, म्हणून कामावर आलो नाही.’ माझ्या मस्टरमध्ये आजारी रजा, हक्काची रजा आणि बिनपगारी असे तीनच रकाने. देवाने कौलात नाकारलेली हजेरी मी आजारी रजेत टाकली. मॅनेजरनी विचारलं, ‘आजार काय?’ मी म्हटलं, ‘पाकळी.’ ते नागपूरकडचे होते. त्यांना तो एखादा स्थानिक रोग वाटला असावा, कारण पुढे आठवडाभर ते पाणी उकळून पीत होते.

आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा. खोकल्याच्या औषधाच्या त्या तपकिरी बाटल्या. काचेच्या भट्टीची एक गंमत आहे, ती विझवता येत नाही. विझली तर आतली काच गोठते आणि मग भट्टी फोडूनच ती बाहेर काढावी लागते. म्हणजे सण असो, सुतक असो, निवडणूक असो, भट्टीपुढे माणसं हवीतच. आता गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, पाच दिवसांत माणसं कामावर ठेवायची म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगून कळणार नाही. आमच्याकडे वर्षभर आळशी म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस चवथीला मूर्तीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं शोधत डोंगर चढतो. त्याला तुम्ही सांगायचं, बाबा रे, ह्या पाच दिवसांत बाटल्या तपास.

कारखान्यात पाच-पाच माणसांच्या नऊ टोळ्या होत्या. भट्टी चालू ठेवायला सहा टोळ्या लागत. म्हणजे तीन टोळ्यांना पाच दिवस सुटी आणि बाकीच्यांना बंदी. ह्या तीन कोणत्या, ह्यावरून दर वर्षी श्रावणात भांडण पेटायचं. आधी मॅनेजर आपल्या मर्जीने ठरवत. त्यावर संप होता होता राहिला. मग चिठ्ठ्या आल्या. दोन वर्षांनी कळलं, की पॅकिंगवाले आपल्या चिठ्ठीच्या कागदाला आतून डिंक फासतात, म्हणजे ती बोटाला जाड लागते. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनीच डिंक फासला आणि चिठ्ठ्यांचा एकच लाडू होऊन बाहेर आला.

तेव्हा मी पुढे झालो. म्हापशाच्या कॉलेजात मी दोन वर्षं गणित शिकलो होतो. तिसऱ्या वर्षी गणिताने मला सोडलं, पण मी त्याला सोडलं नव्हतं. घरी कपाटात लॉगॅरिथमच्या कोष्टकांची चार अंकी वही जपून ठेवली होती. मी मॅनेजरना म्हटलं, ‘साहेब, अशी पद्धत देतो की तिच्यात कुणाचं बोट चालणार नाही. माझंसुद्धा.’

पद्धत अशी. कँटीनची पितळी टोकनं होती, एक ते शंभर नंबरांची. ती सगळी कळशीत टाकायची आणि एक काढायचं. समजा चौदा नंबर आला, तर दोनाची चौदा वेळा पट करायची. म्हणजे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस असं दुप्पट करत चौदाव्या पायरीवर जायचं. तिथे येतात सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. त्यातला पहिला आकडा एक, म्हणून पहिल्या टोळीला सुटी. पुन्हा टोकन, पुन्हा पट, पुन्हा पहिला आकडा. तीन वेगवेगळ्या टोळ्या निघेपर्यंत हेच. पहिला आकडा शून्य कधीच नसतो, टोळ्याही नऊच. शंभर पायऱ्यांवर एकतीस आकडी संख्या येते. कळशीत हात घालणाऱ्याला काय ठाऊक, कुठल्या टोकनात कुणाची चवथ आहे.

शंभर पायऱ्यांचं कोष्टक मीच केलं. पहिल्या तीन-चार पायऱ्या तोंडपाठच होत्या; पुढे एवढाल्या संख्या मांडायची गरज नव्हती. दोनाचा लॉग शून्य दशांश तीन शून्य एक शून्य; त्याला पायरीने गुणायचं, अपूर्णांक तेवढा ठेवायचा आणि कोष्टकात बघून पहिला आकडा लिहायचा. दोन संध्याकाळचं काम. मॅनेजरनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ‘हे तर विज्ञान आहे.’ मी नम्रपणे खाली पाहिलं. त्या वेळी खाली पाहण्याऐवजी कागदाकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

टोळ्यांना नंबर दिले ते जुन्या-नव्याप्रमाणे. पहिली टोळी पेडण्याच्या जुन्या माणसांची. इलेक्ट्रिशियन बाबली तिचा मुकादम, आणि टाइम ऑफिस कुठेतरी बसवायचं म्हणून मीही तिच्यातच. आठवी दिवचल तालुक्यातली, मुळगाव-आमोण्याहून बसने येणारी. तिचा मुकादम पुंडलिक. शेवटची नववी टोळी चंदगडकडच्या माणसांची. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं काम त्यांच्याकडे. मुकादम मारुती. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, भुवया भट्टीने कायमच्या जाळलेला.

पाच वर्षं सोडत झाली. पहिली टोळी चार वेळा निघाली. माझी बायको गावात सांगायची, ‘आमच्या गणपतीचं ह्यांच्यावर लक्ष आहे.’ मलाही तसंच वाटे. नववी टोळी पाच वर्षांत एकदाही निघाली नाही. तेव्हा मी त्यांना समजावलं होतं, ‘नशीब आहे रे, ह्यात गणिताचा काही दोष नाही.’

सहाव्या सोडतीला मारुती कळशीच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. एरवी तो मागे भिंतीला टेकून असायचा. दुपारच्या जेवणाची सुटी होती. कँटीनच्या शेवंतीबायने कळशीत हात घातला. पहिलं टोकन चौदा, म्हणजे पुन्हा आमचीच टोळी. बाबली म्हणाला, ‘भाई, आमका आता लज दिसूंक लागली.’ आणि टाळ्या मात्र त्यानेच वाजवल्या. दुसरं अडतीस, दोन नंबरची टोळी. तिसरं त्रेपन्न. मी कोष्टकावर बोट फिरवलं. त्रेपन्नासमोर आठ. मुळगाववाल्यांनी पुंडलिकाला उचललं. मारुतीने फक्त विचारलं, ‘साहेब, त्रेपन्नाला आठच न्हवं?’ मी म्हटलं, ‘आठच.’ तो मान हलवून गेला.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो टाइम ऑफिसच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, आला. काखेत पॅकिंगच्या खोक्यांचे पुठ्ठे होते, सुतळीने बांधलेले.

‘साहेब, जरा बघता का? मी सगळं वरनं खाली केलंय.’

पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने दोनाची पट मांडलेली होती. एक ते शंभर. हाताने. सोडतीच्या आधीपासून, जेवणाच्या सुट्या आणि चहाच्या सुट्या मिळून त्याला महिना लागला होता.

‘अरे, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की.’

‘व्हय, पर पुढं पुढं त्यो आकड्यात ई घालतोय. ती ई काय मला उमगंना. म्हटलं, हातानं केलेलं बरं. शाळंत बेरीज चांगली होती माझी.’

मग त्याने त्रेपन्नाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा वाचला. नऊ, शून्य, शून्य, सात, एक, नऊ, नऊ, दोन, पाच, चार, सात, चार, शून्य, नऊ, नऊ, दोन. सोळा आकडे. पहिला नऊ.

मी त्याला बसायला सांगितलं आणि त्याच्या बेरजा तपासायला घेतल्या. दुसऱ्याची चूक सापडावी म्हणून इतक्या मनापासून मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. एखादा हातचा विसरला असेल, एखादं शून्य खाल्लं असेल. कुठेच नाही. शेवटी मोबाइल काढला. त्यातही नऊच, आणि पुढे ती ई.

चूक माझ्या वहीत होती, आणि किती होती ते ऐका. दोनाचा लॉग शून्य दशांश तीन शून्य एक शून्य नाही. तीन शून्य एक शून्य तीन आहे. चार अंकी वहीत तो शेवटचा तीन मावत नाही. वाचकांना कोड्यात ठेवत नाही, दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. एका देवळाभोवती प्रदक्षिणा घालताय असं समजा. वाटेवर नऊ दालनं आहेत, एक ते नऊ नंबरांची. प्रत्येक वेळी संख्या दुप्पट केली की तुम्ही ठरावीक लांबीचं एक पाऊल पुढे टाकता, आणि ज्या दालनात पाऊल पडेल तो पहिला आकडा. माझं पाऊल केसभर आखूड होतं. दोन-चार पावलांत ते कळत नाही. त्रेपन्न पावलांनी मात्र जो पाय नवव्या दालनाच्या उंबरठ्याच्या आत पडायला हवा होता, तो अलीकडे आठव्यात पडला. शंभर पायऱ्यांत असं एकाच ठिकाणी होतं, आणि शेवंतीबायच्या हाताने नेमकं तेच टोकन काढलं.

‘बरं, ही चूक झाली,’ मी म्हटलं.

‘व्हय, ती चूक असंल,’ मारुती म्हणाला. ‘पर साहेब, मी सगळं मोजलंय. शंभरात एक आकडा तीस येळा येतोय. नऊ पाच येळा. ह्यो त्रेपन्नाचा गेला, म्हंजे तुमच्या कागदात तर चारच. तुमची हुशारी मानली आपण.’

मी पुठ्ठे ओढले आणि स्वतः मोजलं. तीस आणि पाच. मग डोक्यात जो प्रकाश पडला, तो कॉलेजात तिसऱ्या वर्षी पडला असता तर मी आज प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो असतो. त्या प्रदक्षिणेत दालनं सारखी नाहीतच. एकाचं दोन व्हायला संख्या पुरती दुप्पट व्हावी लागते. नवाचं दहा व्हायला एक नवमांश वाढली की पुरे. म्हणून पहिलं दालन म्हणजे लांबच लांब सभामंडप आणि नववं म्हणजे कोनाडा. त्यात आमचं पाऊल बरोबर सभामंडपाएवढंच लांब, त्यामुळे दर फेरीत एकदा ते तिथे पडणारच. कोनाडा बहुतेक फेऱ्यांत ओलांडलाच जातो. लॉगची वही मी इतकी वर्षं कपाटात जपली, पण तिच्या अँटिलॉगच्या कोष्टकात एकाने सुरू होणाऱ्या ओळी तिसेक आणि नवाने सुरू होणाऱ्या पाचेकच का, हा प्रश्न मला पडला नव्हता.

‘मारुती, हे मला ठाऊक नव्हतं रे. देवाशपथ.’

त्याने पुठ्ठे गोळा करून पुन्हा सुतळी बांधायला घेतली. ‘तुमी गणित शिकलाय न्हवं?’

लबाड म्हणून ओळख झाली तर निदान धाक राहतो. मी लबाड नसून अडाणी आहे, हे पटवून देताना जो घाम आला तो भट्टीसमोर कधी आला नाही.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. ते तिघे भाऊ, गणपती एकच. तो पाळीने फिरतो, दर साल एका भावाकडे. ज्याची पाळी त्याने मूर्ती आणायची, पुजायची, पाच दिवस घरी येईल त्याला जेवू घालायचं. ह्या वर्षी पाळी मारुतीची.

‘मागली पाळी तीन वर्सांमागं होती. तवाबी सुटी न्हाई निघाली. धाकट्यानं माझ्या घरात यिऊन पुजला. आई तवा होती. ती म्हणाली, पुढल्या पाळीला तू ये. ती आता न्हाई. आवंदाबी धाकटाच बसला पाटावर, तर पाळी माझी कशी म्हणायची?’ मग म्हणाला, ‘तुमचं पेडणेवाल्यांचं बरं हाय, साहेब. शिफ्ट सुटली की आरतीला घरी. आमी शिफ्ट सुटली की खोलीवर.’

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. नऊ टोळ्यांत खरोखर सुटीची गरज कुणाला आहे, हा प्रश्न माझ्या विज्ञानात कुठे बसलाच नव्हता.

चवथ चार दिवसांवर होती. मी मॅनेजरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे नोटिशीखालचा नियम दाखवला, ‘टोकन वाचून झाल्यावर निकाल बदलणार नाही.’ नियम मीच लिहिला होता. भाषाही चांगली होती. ‘एखादी टोळी आपणहून मागे हटली तर माझी हरकत नाही,’ ते म्हणाले.

मी पुंडलिकाकडे गेलो. तो म्हणाला, ‘भाई, आठ कोणें वाचलें?’

‘मी.’

‘मग नववें कोणें म्हटलें?’

‘तेही मीच म्हणतोय.’

‘तर तुमी दोघांनी बसून ठरया. आमी घरा चल्ले.’ आणि तो बरोबर होता. सहा वर्षांत त्यांची ही दुसरीच वेळ होती.

उरली माझीच टोळी. चहाच्या सुटीत चौघांना गोळा केलं आणि प्रदक्षिणा, दालनं, कोनाडा सगळं सांगितलं. बाबलीने उंड्याचा, म्हणजे आमच्याकडच्या पावाचा, तुकडा चहात बुडवला तो तसाच धरून ठेवला. निम्मा गळून कपात पडला.

‘म्हणजे इतकीं वर्सां आमी चोरून चवथ केली?’

‘चोरून नाही रे. चुकून.’

‘भाई, तुका हें पयलीं खबर नाशिल्लें?’

‘नव्हतं.’

‘आणि हें तूं असो तोंड वर करून सांगता?’

सगळे हसले. हसणं संपल्यावर मी मुद्द्यावर आलो, की आपण मागे हटायचं. आता हसू थांबलं. एकाच्या घरी जावयाची पहिली चवथ होती, एकाने माटोळीची सुपारी बांधायला घेतली होती. मग बाबली म्हणाला, ‘आमी सांजचे घरा पावतात. ते पावनात. हांव रावतां. पूण एक सांगतां. हो भाई जनेलाकडे पंख्यासकयल बसून चवथ करता जाल्यार आमी ना. हाका भट्टीकडे उबो करा.’

मला पंख्याखालून उठवून भट्टीपुढे उभं करायचा ठराव एकमताने पास झाला. माझं मत कुणी विचारलं नाही.

मारुतीची टोळी चवथीच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसने तिळारीच्या घाटाने गेली. मी पाच दिवस बाटल्या तपासल्या. भट्टीच्या तोंडाशी मला उभं करणं धोक्याचं आहे असं पहिल्या तासातच ठरलं, म्हणून पट्ट्यावर बसवलं. बाटली उजेडासमोर धरायची आणि आत बुडबुडा असेल तर फेकायची. पहिल्या दिवशी मी चांगल्या बाटल्या इतक्या फेकल्या की बाबलीने मागे उभं राहून मोजायला सुरुवात केली. ‘भाई, ह्या बाटलेक कितें जालां? ती नव नंबरची?’ घरी संध्याकाळी पोचेपर्यंत आरती झालेली असे. बायकोने नेवऱ्या वाढल्या, पण गणपतीचं लक्ष वगैरे काही बोलली नाही.

पुढल्या वर्षी टोकनं कँटीनला परत दिली. तीन भावांचा गणपती फिरतो तशीच टोळ्यांची पाळी लावली. नऊ टोळ्या, दर वर्षी तीन, तीन वर्षांत सगळ्यांची एकेकदा. तिसरीतल्या पोराला कळेल असं गणित. घरची पाळी आडवी आली तर दोन टोळ्यांनी आपसांत बदलून घ्यायची मुभा. सुरुवात कुठून करायची ह्यावर पुन्हा गलका होणार होता. बाबलीनेच ‘खालून’ म्हटलं आणि कुणी वाद घातला नाही. ती पद्धत मी निवृत्त झालो तरी चालू आहे. मॅनेजरना ती मात्र विज्ञान वाटली नाही.

पण हे नंतरचं. त्या वर्षी मारुती सहाव्या दिवशी परत आला. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. जनेलातून तो आत सरकवला आणि तिथेच घुटमळला.

‘झालं सगळं नीट?’ मी विचारलं.

‘झालं. पाटावर मीच बसलो.’ मग म्हणाला, ‘साहेब, तुमी सोडतीची टोकनं लिवून ठेवता न्हवं? तीन वर्सांमागली हायत का?’

टाइमकीपर सगळं लिहून ठेवतो. मी रजिस्टर काढलं. चोवीस, पस्तीस, एकाहत्तर. त्याने खिशातून एक पुठ्ठा काढला. सगळे शंभर पहिले आकडे आता त्याने त्या एकावरच उतरवून घेतले होते. तो उभ्या उभ्याच बघू लागला. मला कळलं तो काय शोधतोय. आईच्या वेळचा, तेव्हाचाही नऊ माझ्या वहीने खाल्ला होता का.

‘एक,’ तो म्हणाला. ‘तीन. आणि ह्यो दोन.’ पुन्हा एकदा पाहिलं. ‘ह्यात नऊ न्हाईच. तुमच्या कागदात काय हाय?’

‘एक, तीन, दोन.’

सभामंडपाची आणि कोनाड्याची गोष्ट आता मला येत होती. ती सांगावी असं वाटलं. पण तीस आणि पाच त्यानेच तर मोजून दिले होते.

मारुतीने पुठ्ठा दुमडून खिशात घातला.

‘म्हंजे त्या साली तुमचं गणित बरोबर हुतं, साहेब,’ तो म्हणाला, आणि कार्ड पंच करायला गेला.